ग्रुप ए ते सुपर टूरिंग: सर्वांत चांगल्या आणि सर्वांत फसलेल्या गाड्या कोणत्या, आणि नेमक्या का?

चौथा गिअर (धागाकर्ता)

मंडळी, टूरिंग कार, म्हणजे रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या गाड्यांवरून बनवलेल्या गाड्या, त्यांच्या शर्यतींवर जे काही वाचायला मिळतं त्यात याद्याच फार. कुणी किती शर्यती जिंकल्या एवढंच कळतं, गाडीत नेमकं काय बरोबर होतं आणि काय चुकलं ते कुणी सांगत नाही. मला तेच हवं आहे.

१९८२ मध्ये युरोपियन चॅम्पियनशिपने ग्रुप ए नियम घेतले तिथपासून २००० मध्ये ब्रिटनमधलं सुपर टूरिंग संपलं तिथपर्यंतचा काळ धरू. आधीच्या काळाचं कुणाला सांगायचं असेल तर जरूर सांगा. प्रश्न असे:

१. या काळातली सर्वांत चांगली गाडी कोणती? जिंकलेल्या शर्यती मोजू नका, बांधणी आणि नियमांचा वापर यावर ठरवा.
२. सर्वांत फसलेली कोणती? पैसे कमी पडले म्हणून मागे राहिलेल्या छोट्या टीम सोडून द्या. कारखान्याचा हात पाठीवर असूनही फसलेल्या गाड्या हव्यात.
३. सिम्युलेटरवर पुढच्या चाकांवर चालणारी सुपर टूरिंग गाडी पहिल्या दोन लॅपमध्ये हमखास गरकन फिरते. खऱ्या गाडीतही तसंच होत होतं का? सेटिंग काय ठेवावं?

---

टॅपेट

धागा छान काढलात. पहिल्या दोन प्रश्नांना हात घालण्याआधी एक हिशोब शिकून घ्या. ग्रुप एमधली गाडी निम्मी कॅल्क्युलेटरवर ठरायची.

इंजिनाची सीसी घ्या. टर्बो असेल तर १९८७ पर्यंत १.४ ने आणि १९८८ पासून १.७ ने गुणा. आलेला आकडा ५०० सीसीच्या कोणत्या पायरीत बसतो ते बघा, कारण गाडीचं किमान वजन आणि चाकाची कमाल रुंदी त्या पायरीवर ठरते. पायरीच्या वरच्या टोकाला जितकं चिकटाल तितकं चांगलं. टोक ओलांडलंत की वजनाचा दंड बसलाच.

आता या गाड्या बघा.

व्होल्वो २४० टर्बो: २,१२७ × १.४ = २,९७८. तीन हजारांच्या रेघेला जवळजवळ टेकलेली. वरून कपाटासारखी दिसणारी ही गाडी १९८५ मध्ये जानफ्रांको ब्रांकातेल्ली आणि थॉमस लिंडस्ट्रॉम यांच्या हातात युरोपियन विजेती झाली, आणि त्याच वर्षी पेर स्टुरेसनने तिच्यावर जर्मन मालिकाही जिंकली. चौकोनी बॉडीचा हवेत तोटा होता, पण पायरीचा फायदा त्याहून मोठा होता.

फोर्ड सिएरा आरएस कॉसवर्थ: १,९९३ × १.४ = २,७९०. गुणक १.७ झाल्यावर ३,३८८. दोन्ही वेळा पायरीच्या आत आणि टोकाच्या बऱ्यापैकी जवळ.

निस्सान स्कायलाइन जीटी-आर, आर३२: २,५६८ × १.७ = ४,३६६. म्हणजे ४,५०० च्या पायरीत, किमान वजन १,२६० किलो. सहा सिलिंडर, ८६ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ७३.७ मिमी स्ट्रोक (पिस्टनची चाल). २,६०० च्या जरासं खालचं हे विचित्र माप रस्त्यावरच्या गिऱ्हाइकासाठी निवडलेलंच नाही. चार चाकी ड्राइव्हचं ओझं वाहायचं तर वजनाची मुभा आणि रुंद चाकं हवीत, म्हणून इंजिन या पायरीच्या मापाचं शिवलं.

आणि टोयोटा सुप्रा, ए७०: २,९५४ × १.४ = ४,१३६. १९८७ पुरतं ठीक. १९८८ मध्ये १.७ ने गुणलं की ५,०२२. फक्त २२ सीसीने पाच हजारांची रेघ ओलांडली आणि गाडी जड गाड्यांच्या रांगेत जाऊन बसली. पाचशे 'टर्बो ए' गाड्या खास ग्रुप एमध्ये नोंद व्हावी म्हणून काढल्या, मोठा टर्बो दिला, तरी ही २२ सीसी कुठेच जाईना. त्यात ७एम इंजिनाचं जुनं दुखणं म्हणजे हेड गॅस्केट (ब्लॉक आणि हेड यांच्या मधलं सील). हेड बोल्टचा कारखान्याने दिलेला टॉर्कच कमी होता, त्यामुळे बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) वाढवला की गॅस्केट गेलंच. रस्त्यावरच्या गाडीत आजही उपाय तोच: हेड आणि ब्लॉक दोन्ही सपाट करून धातूचं गॅस्केट टाकायचं आणि बोल्टऐवजी स्टड बसवायचे. नुसतं नवं गॅस्केट टाकून बोल्ट तसेच कसले तर ते परत जातं.

दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर हीच सुप्रा. वाईट बनवलेली म्हणून नव्हे. १.४ चा आकडा कायम राहील असं गृहीत धरून बनवली म्हणून.

पहिल्या प्रश्नाला बीएमडब्ल्यू एम३, ई३०. तिच्यावर सविस्तर पुढे लिहितो, आधी बाकीच्यांना बोलू दे.

---

खंबाटकी

टॅपेट, हिशोब मान्य, पण तो शेवटचा शब्द नाही. जग्वार एक्सजे-एस घ्या. ५,३४३ सीसी, बारा सिलिंडर, किमान वजन १,४०० किलो. तुमच्या कॅल्क्युलेटरप्रमाणे ही गाडी सुरू होण्याआधीच संपायला हवी. तरी १९८४ ची युरोपियन चॅम्पियनशिप टॉम वॉकिनशॉने तिच्यावरच जिंकली, त्याच वर्षी बेल्जियममधली स्पा २४ तास शर्यत जिंकली, १९८५ मध्ये ऑस्ट्रेलियातली बाथर्स्ट १००० शर्यत जॉन गॉस आणि आर्मिन हाने यांनी जिंकली.

लांब सरळ पट्टे आणि लांब शर्यती हे तिचं घर. मोठं इंजिन ताण न देता तासन्‌तास चालतं. दुखणं मागच्या ब्रेकचं होतं. जग्वारच्या मागच्या डिस्क चाकात नसून आत, डिफरन्शियलच्या दोन्ही कुशीला. स्प्रिंगवर न तोललेलं (चाकाबरोबर हलणारं) वजन कमी होतं हा फायदा, पण डिस्कची सगळी धग थेट डिफरन्शियलच्या ऑइल सीलवर. सील पोळला की ऑइल गळतं आणि गळणारं ऑइल डिस्कवर. चौदाशे किलो थांबवायचे तर तिथे हवा खेळवणं हेच मोठं काम.

सुप्रा फसली ती जड होती म्हणून नाही. जड असूनही तेवढं मोठं इंजिन तिच्याकडे नव्हतं. जग्वारने वजनाच्या बदल्यात बारा सिलिंडर घेतले. सुप्राला फक्त वजन मिळालं.

---

टॅपेट

@खंबाटकी, हा मुद्दा मान्य. "पायरीच्या वर गेलात तर खूप वर जा" असं म्हणू.

आता एम३. इंजिन एस१४: खाली जुन्या एम१० घराण्याचा लोखंडी ब्लॉक, वर एम८८ या सहा सिलिंडर इंजिनाच्या हेडची चार सिलिंडरांपुरती आवृत्ती. बीएमडब्ल्यूच्या इंजिन विभागातल्या पॉल रोशेच्या माणसांनी पहिला नमुना दोनेक आठवड्यांत उभा केला होता, सहा सिलिंडरचं हेड अक्षरशः कापून. बोअर ९३.४, स्ट्रोक ८४, एकूण २,३०२ सीसी. अडीच हजारांच्या पायरीत किमान वजन ९६० किलो.

पण तिची खरी हुशारी रस्त्यावरच्या गाडीत काय काय आधीच घालून ठेवलं यात आहे. ग्रुप एमध्ये जे रस्त्यावरच्या गाडीत नाही ते शर्यतीच्या गाडीत लावता येत नाही. म्हणून:

– मागची काच जास्त कललेली, मागचा खांब रुंद, डिकीचं झाकण उंच. साध्या ई३०ची मागची बाजू उभी कापलेली, त्यामुळे पंख्यापर्यंत (गाडी खाली दाबणारी मागची आडवी फळी, फिरणारा पंखा नव्हे) हवा नीट पोचायची नाही. फक्त पंखा लावून उपयोग झाला नसता.
– पाच बोल्टचे हब आणि मोठ्या ५ सिरीजच्या मापाचे पुढचे व्हील बेअरिंग. साध्या ई३०ला चार बोल्ट. स्लिक टायरच्या पकडीत छोटं बेअरिंग टिकत नाही.
– पुढचा अँटी-रोल बार (वळणात गाडी कलण्याला आळा घालणारा दांडा) खालच्या आर्मऐवजी थेट स्ट्रटला जोडलेला, म्हणजे बार जास्त परिणामकारक.
– पाच गिअरचा गेट्राग कंपनीचा गिअरबॉक्स, पहिला गिअर डावीकडे मागे. दुसरा-तिसरा आणि चौथा-पाचवा सरळ रेषेत येतात. शर्यतीत पहिला लागतो फक्त सुटताना.

पायरीतले १९८ सीसी मात्र वाया जात होते. ती भरपाई १९९० च्या स्पोर्ट इव्होल्यूशनमध्ये झाली: बोअर ९५, स्ट्रोक ८७, २,४६७ सीसी, ६०० गाड्या.

मर्सिडीजने १९०ई मध्ये हेच काम वेगळ्या रस्त्याने केलं, तेही बघण्यासारखं आहे. २.५-१६ चं मूळ इंजिन ९५.५ × ८७.२, म्हणजे २,४९८ सीसी. पायरी पूर्ण भरलेली, पण स्ट्रोक लांब, त्यामुळे वरचे आरपीएम मिळेनात. इव्होल्यूशनसाठी त्यांनी बोअर ९७.३ आणि स्ट्रोक ८२.८ केला. सीसी २,४६३ वर आली, म्हणजे ३५ सीसी स्वतःहून सोडली आणि त्या बदल्यात आरपीएम घेतले. इव्हो २ च्या ५०२ गाड्या, तो भलामोठा मागचा पंखा, आणि १९९२ मध्ये क्लाउस लुडविगचं जर्मन विजेतेपद. एम३ ला तोडीस तोड म्हणता येईल अशी त्या पायरीतली हीच.

---

कोल्हापुरी क्लच

एम३ वर एक तळटीप हवीच. १९८७ च्या जागतिक टूरिंग कार चॅम्पियनशिपची पहिली शर्यत मोंझाला झाली. पहिल्या सहा जागी एम३. तपासणीत बॉडीचे काही पत्रे नोंदीपेक्षा पातळ निघाले, सगळ्या बाद. सातव्या आलेल्या अ‍ॅलन मॉफट आणि जॉन हार्वी यांच्या होल्डन कमोडोरला पहिला क्रमांक मिळाला.

त्याच वर्षी बाथर्स्टला पहिल्या दोन आलेल्या एग्गेनबर्गर टीमच्या सिएरा बाद झाल्या, पुढच्या चाकांवरचे मडगार्ड नियमापेक्षा मोठे केले म्हणून. मोठे मडगार्ड म्हणजे आत मोठा टायर. या एका निर्णयाने वर्षाचं गणित फिरलं. रॉबेर्तो राव्हाल्याने एम३ मध्ये लुडविग आणि नीड्झवीड्झ यांच्यापेक्षा एक गुण जास्त मिळवून विजेतेपद घेतलं.

म्हणून विजेतेपदांवरून गाडी ठरवू नका हे धागाकर्त्याचं म्हणणं अगदी बरोबर. ब्रिटनमध्ये तर १९९० पर्यंत वर्गवार गुण होते. १९८८-८९ मध्ये शर्यती सिएरा जिंकायची आणि विजेतेपद खालच्या वर्गातल्या गाडीला: १९८८ फ्रँक सिटनर, एम३, १९८९ जॉन क्लेलंड, अ‍ॅस्ट्रा. सिएराला तिथे विजेतेपद १९९० मध्ये रॉब ग्रॅव्हेटने मिळवून दिलं.

---

चौथा गिअर

भरपूर मिळालं, धन्यवाद. दोन शंका. सिएरा आरएस५०० मध्ये रस्त्यावरच्या गाडीला आठ इंजेक्टर होते आणि त्यातले चार चालूच नव्हते असं वाचलं. कशासाठी? आणि जीटी-आरचा कच्चा दुवा कोणता? तिच्याबद्दल सगळे नुसतं कौतुकच करतात.

---

कोल्हापुरी क्लच

इंजेक्टरची गोष्ट खरी आहे. ग्रुप एमध्ये टर्बो आणि इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारा नळ्यांचा भाग) रस्त्यावरच्या गाडीचेच लागत. साध्या आरएस कॉसवर्थचा गॅरेट टी३ शर्यतीत साधारण साडेतीनशे हॉर्सपॉवरच्या आसपास धापा टाकायला लागला. मोठा टर्बो लावायचा तर तो आधी विकायला हवा. आणि पाचशे हॉर्सपॉवरला पुरेल एवढं पेट्रोल चार इंजेक्टर टाकू शकत नाहीत, म्हणून मॅनिफोल्डवर दुसरी चारची ओळ हवी. तीही आधी विकायला हवी. म्हणून १९८७ मध्ये अ‍ॅस्टन मार्टिन टिकफर्डकडून ५०० गाड्या बदलून घेतल्या: मोठा टर्बो, मोठा इंटरकूलर, जाड भिंतीचा ब्लॉक, दोन मजली मागचा पंखा आणि आठ इंजेक्टर. रस्त्यावर २२४ हॉर्सपॉवरला चारच पुरतात, म्हणून दुसरी ओळ जोडलेलीच नव्हती. ती फक्त नोंदीत असायला हवी होती.

या गाडीत काय बिघडायचं ते क्रमाने सांगतो, कारण क्रम महत्त्वाचा आहे.

पहिलं म्हणजे मागचे टायर. ५०० च्या वर हॉर्सपॉवर आणि चाकाची रुंदी त्या पायरीपुरतीच. मागचं सस्पेन्शन सेमी-ट्रेलिंग आर्मचं, त्यामुळे गाडी मागे बसली की चाकाचा कॅम्बर (समोरून दिसणारा तिरपेपणा) आणि टो (वरून बघता चाक आत की बाहेर वळलेलं) दोन्ही बदलतात. कोपऱ्यातून बाहेर पडताना टर्बो उशिरा आणि एकदम येतो, नेमका तेव्हाच टायर तिरपा उभा असतो. आतली कड आधी तापते, मग सगळा टायर तेलकट होतो. म्हणून पात्रता फेरीत बूस्ट वेगळा आणि शर्यतीत कमी. जी टीम शर्यतीत बूस्ट खाली ठेवायला शिकली ती शेवटपर्यंत टिकली.

दुसरं, डिफरन्शियल आणि शाफ्ट. रस्त्यावरच्या गाडीचा बोर्ग-वॉर्नर टी५ गिअरबॉक्स या टॉर्कपुढे टिकत नाही, शर्यतीत गेट्राग लागायचा. तो मजबूत केला की धक्का मागे सरकतो आणि डिफरन्शियल बोलू लागतं. साखळीतली सर्वांत कच्ची कडी मजबूत केली की तिच्या पुढची तुटते, एवढाच नियम. बाथर्स्टसारख्या चढ-उताराच्या ट्रॅकवर टिकायला ऑस्ट्रेलियन टीमना मागच्या अ‍ॅक्सलवर फार काम करावं लागलं. १९८८ ला टोनी लाँगहर्स्ट आणि टोमास मेझेरा, १९८९ ला डिक जॉन्सन आणि जॉन बो यांनी आरएस५०० मध्येच ती शर्यत जिंकली.

तिसरं हेड गॅस्केट, पण ते बूस्टच्या मोहापायी. मूळ ब्लॉक दमदार होता.

---

स्लिक टायर

जीटी-आरचं मी सांगतो.

आधी ती चालते कशी ते. इंजिनाची ताकद नेहमी मागच्या चाकांना. चाकांच्या वेगाचे सेन्सर आणि आडव्या जोराचा सेन्सर बघून संगणक ट्रान्सफर केसमधल्या (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी पेटी) अनेक पट्ट्यांच्या क्लचवर हायड्रॉलिक दाब देतो आणि पुढच्या चाकांना ५० टक्क्यांपर्यंत ताकद जाते. सिएराचं जे मुख्य दुखणं, कोपऱ्यातून निघताना मागचा टायर जळणं, त्यावरच हे औषध. म्हणूनच जपानच्या ग्रुप ए मालिकेत १९९० ते १९९३ या चार वर्षांत २९ पैकी २९ शर्यती. स्पा २४ तास १९९१. बाथर्स्ट १९९१ आणि १९९२, दोन्ही जिम रिचर्ड्स आणि मार्क स्केफ.

कच्चे दुवे तीन.

रस्त्यावरच्या गाडीतल्या आरबी२६ इंजिनाच्या टर्बोंची चक्रं सिरॅमिकची. हलकी, लवकर फिरणारी, पण बूस्ट वाढवला की चक्र शाफ्टवरून सुटतं. म्हणून निस्मोच्या (निस्सानचा शर्यत विभाग) ५६० गाड्यांमध्ये पोलादी चक्रांचे टर्बो दिले, एबीएस काढलं, बंपरला हवेची भोकं वाढवली.

दुसरा ऑइल पंप. सुरुवातीच्या इंजिनांत पंप फिरवणारा क्रँकवरचा सपाट भाग आखूड आहे. आरपीएम लिमिटरवर इंजिन ठोकत राहिलं की धक्के बसून पंपाचा आतला गिअर तडकतो आणि दाब शून्य. जोडीला हेडमध्ये चढलेलं ऑइल खाली लवकर उतरत नाही, लांब वळणात संप (खालचं ऑइलचं पात्र) कोरडा पडतो. आजही ही इंजिनं बांधणारे क्रँकवर रुंद कॉलर बसवतात, पोलादी गिअरचा पंप टाकतात, हेडला जाणारं ऑइल छोट्या भोकाच्या रिस्ट्रिक्टरने कमी करतात आणि हेडमधून परत येण्याचा जास्तीचा मार्ग काढतात. चारपैकी एकच काम करून भागत नाही. पंप मोठा टाकला आणि हेडचं ऑइल रोखलं नाही तर हेड आणखी लवकर भरतं.

तिसरं नाक. लोखंडी ब्लॉकचं सहा सिलिंडर इंजिन आणि पुढचं डिफरन्शियल, सगळं पुढे. त्यामुळे वळणात शिरताना गाडी सरळ बाहेर पळते, पुढचे टायर आणि ब्रेक खाते. ऑस्ट्रेलियाने १९९२ मध्ये तिचं वजन १,४०० किलोपर्यंत वाढवलं आणि बूस्टवर झडप बसवली. ताकद त्यामुळे घटली, पण खरा फटका ब्रेक आणि पुढच्या टायरला. तरी जिंकली.

माझं मत: या काळातली सर्वांत चांगली गाडी जीटी-आर. एम३ ने नियमांतून उत्तम गाडी काढली हे खरं. पण निस्सानने आधी "सिएरा कुठे हरते?" हा प्रश्न विचारला आणि मग इंजिनाच्या सीसीपासून ड्राइव्हपर्यंत सगळं त्या एका उत्तरासाठी बांधलं.

---

टॅपेट

@स्लिक टायर, तपशिलाशी सहमत, निष्कर्षाशी नाही. एम३ छोट्या टीमला विकत घेऊन वर्षभर चालवता यायची, आणि जर्मनी, ब्रिटन, इटली, ऑस्ट्रेलिया सगळीकडे ती जिंकली. जीटी-आर नीट चालवायला कारखान्याचा माणूस शेजारी लागायचा. टूरिंग कारमध्ये ही गोष्ट मी मोजतो.

---

खंबाटकी

आता सुपर टूरिंग. नियम सोपे दिसतात: दोन लिटर, टर्बो नाही, कमाल ८,५०० आरपीएम. ताकद सगळ्यांची ३०० च्या आसपास अडकलेली. मग फरक कुठे? इंजिन किती खाली आणि किती मागे बसवता येतं, हवा, आणि पुढच्या टायरची काळजी. म्हणूनच इथे तीच गाडी एका वर्षी पहिली आणि पुढच्या वर्षी शेवटची दिसते.

सर्वांत बोलकं उदाहरण अल्फा रोमिओ १५५. १९९४ मध्ये ब्रिटनमध्ये गाब्रिएले तार्क्विनीने पहिल्या पाचही शर्यती जिंकल्या. गाडीला पुढे ओठ (बंपरखालची हवा अडवणारी पट्टी) आणि मागे पंखा, तोही उंच करता येणारा. अल्फाने २,५०० 'सिल्व्हरस्टोन' गाड्या विकून तो नियमात बसवला होता. रस्त्यावरच्या गाडीत पंखा उंच करायचे तुकडे डिकीत सुटे मिळायचे. बाकीच्यांनी हरकत घेतली, ओल्टन पार्कला अल्फा तावातावाने निघून गेली, मग परतली आणि तार्क्विनीच विजेता झाला. १९९५ ला नियम बदलले, ओठ आणि पंखा सगळ्यांना मिळाला, आणि तीच १५५ रांगेच्या मागच्या टोकाला. डेरेक वॉरिकसारखा माणूस हाताशी असून काही चालेना. म्हणजे १९९४ चा फरक बहुतेक हवेचा होता, सांगाड्याचा कमी.

फसलेल्यांच्या यादीत लोक सर्वांत आधी व्होल्वो ८५० इस्टेट घालतात. १९९४, टीडब्ल्यूआरची (टॉम वॉकिनशॉची कंपनी) बांधणी, रिकार्ड रीडेल आणि यान लामर्स. सर्वांत चांगला निकाल पाचवा. मी तिला सर्वांत फसलेली म्हणणार नाही. ते पहिलं वर्ष होतं, पाच सिलिंडरचं आडवं इंजिन नाकात अख्खी रुंदी व्यापून बसलेलं, आणि शिकायचं ते सगळं शिकून घेतलं. १९९५ ला पंख्याची मुभा आली. इस्टेटच्या लांब छपरामागे पंखा लावून फायदा नव्हता, म्हणून सेडान आणली आणि रीडेल थेट तिसरा. १९९८ ला एस४० मध्ये विजेता.

माझ्या मते खरी फसगत प्यूजो ४०६ ची. १९९६ ते १९९८ ब्रिटनमध्ये एकही विजय नाही. आणि १९९७ मध्ये जर्मनीत लोरां आयेलो त्याच ४०६ वर विजेता! मूळ गाडी तीच, नियमपुस्तकही जवळपास तेच. तेव्हा गाडीला दोष देता येत नाही. दोन्हीकडची बांधणी वेगळी, विकास वेगळा. सुपर टूरिंगमध्ये सांगाडा चांगला असणं पुरेसं नव्हतं, हे याहून स्पष्ट कुठे दिसत नाही.

चांगल्यांमध्ये मी विल्यम्सने बांधलेली रेनॉ लागुना धरतो. १९९७ ला अ‍ॅलन मेन्यूने २४ पैकी १२ शर्यती जिंकल्या. आणि ऑडी ए४ क्वाट्रो: १९९६ मध्ये सात देशांत सात विजेतेपदं, ब्रिटनमध्ये फ्रांक बिएला. पुढच्या चाकांच्या गाडीला ९७५ किलो, ऑडीला त्याहून बरंच जास्त वजन लादलं तरी सुटताना आणि ओल्यात ती सगळ्यांच्या पुढे. ब्रिटनमध्ये १९९८ पासून चार चाकी ड्राइव्हवर बंदी आली आणि पुढच्या चाकांवरची ए४ साधारण गाडी ठरली.

---

कोल्हापुरी क्लच

ऑडीवरून आठवलं, व्ही८ क्वाट्रो राहिली. १९९० ला हान्स-योआखिम श्टुक, १९९१ ला बिएला, दोन सलग जर्मन विजेतेपदं, तीही लिमोझिन म्हणून विकल्या जाणाऱ्या गाडीने. १९९२ ला क्रँकशाफ्टवरून वाद झाला. नोंद ९० अंशांच्या क्रँकची, शर्यतीत १८० अंशांचा सपाट क्रँक. मूळ तुकड्यालाच पीळ देऊन बनवला असा ऑडीचा दावा, तो टिकला नाही आणि ऑडी हंगाम अर्धा टाकून निघून गेली.

टॅपेटचा सीसीचा खेळ ग्रुप एपेक्षा जुना आहे, हेही नोंदवतो. बीएमडब्ल्यू ३.० सीएसएल आधी २,९८५ सीसीची होती. १९७२ मध्ये बोअर किंचित वाढवून ३,००३ केली, फक्त तीन लिटरच्या वरच्या वर्गात जाऊन तिथली मुभा वापरता यावी म्हणून. फोर्डनेही तेच केलं: कॅप्री आरएस३१०० चं इंजिन ३,०९१ सीसी, म्हणजे शर्यतीत ते ३.४ लिटरपर्यंत नेता आलं. सीएसएलचे पंखे जर्मनीत रस्त्यावर चालत नव्हते म्हणून डिकीत घालून द्यायचे. अल्फाने वीस वर्षांनी केलं ते नवीन नव्हतं.

---

स्लिक टायर

तिसरा प्रश्न राहिला. हो, खऱ्या गाडीतही मागचं बूड पहिल्या दोन लॅपमध्ये सुटायचं. पुढची चाकं ओढतात, वळवतात आणि बहुतेक ब्रेकही तीच लावतात, त्यामुळे ती एका लॅपमध्ये तापतात. मागची नुसती घरंगळत येतात, ती थंडच राहतात. त्यात गाडी वळावी म्हणून मागची बाजू मुद्दाम कडक केलेली असते, इतकी की आतलं मागचं चाक हवेत उचललं जातं. थंड टायर आणि कडक सस्पेन्शन एकत्र आलं की अ‍ॅक्सिलरेटर सोडल्याबरोबर गाडी फिरते.

सिम्युलेटरवर या क्रमाने करून बघा, एका वेळी एकच बदल:

आधी ब्रेकचा तोल आणखी पुढे सरकवा. मग मागचा टो. टो-आउट ठेवला असेल तर शून्यावर आणा, थोडा टो-इन चालेल. मागचे टायर लवकर तापवणं हाच टो-आउटचा एक हेतू असतो, पण तो हातात बसल्यावर ठेवायचा. तरी फिरतेय तर मागचा अँटी-रोल बार एक घर सैल करा. स्प्रिंगला हात शेवटी लावा.

पुढच्या डिफरन्शियलचं लॉक अ‍ॅक्सिलरेटर दाबताना फार ठेवू नका, नाहीतर गाडी वळणातून बाहेर सरळ निघते आणि तुम्ही जास्त स्टिअरिंग फिरवून पुढचा टायर संपवता. दहा लॅपनंतर गाडी वळेनाशी झाली तर बहुतेक वेळा कारण हेच असतं.

चालवताना: वळणात शिरताना अ‍ॅक्सिलरेटर झटकन सोडू नका. उजवा पाय थोडा दाबलेला ठेवून डाव्या पायाने ब्रेक धरा. बूड सुटलंच तर मागच्या चाकांच्या गाडीसारखा पाय उचलू नका. स्टिअरिंग सरळ करा आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबा, पुढची चाकं गाडीला ओढून सरळ करतात. तिसऱ्या लॅपपासून मागचे टायर पकड धरू लागले की ब्रेकचा तोल दर लॅपला थोडा थोडा मागे आणा.